नऊ नंबरचं घरटं

ताई, नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर कासवमित्र म्हणून काम करतो. हा माझा तिसरा हंगाम. गावाचं नाव देत नाही, आमच्या वाडीत सगळे एकमेकांचे नातेवाईक, लगेच ओळखतील. पहाटे चारला उठून पुळणीवर फेरी मारायची, कासव चढलेलं असेल तर माग काढायचा, अंडी काढून हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या वाळूत, पुरायची, वहीत नोंद करायची आणि पिल्लं आली की सोडायची, असं काम आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे चौदा घरटी मिळाली. यंदा संक्रांतीच्या दोन दिवस आधी नववं मिळालं. मिळालं म्हणजे काय, मी पोचलो तेव्हा माग ताजा होता आणि खड्डा रिकामा.

कुत्र्याने उकरलं की टरफलं इकडेतिकडे पडलेली असतात, वाळू चहूकडे उडालेली असते. इथे एकही टरफल नव्हतं. खड्डा सरळ खाली, हाताने काढलेला. बाजूला माणसाच्या पायाचे ठसे, उजवा पाय ओढत गेलेला. ताई, तो पाय मी ओळखतो. माझे चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आठ वर्षांपूर्वी होडीवरून पडले, तेव्हापासून उजवा पाय ओढतात. माग बघायला मला त्यांनीच शिकवलं. वडील गेल्यावर माझं शिक्षणही त्यांनीच केलं.

त्या दिवशी वहीत मी लिहिलं, "घरटे क्र. 9, कुत्र्यांनी उकरले." संध्याकाळी काकी आमच्या पडवीत झाकलेलं भांडं ठेवून गेली. आत दहा-बारा उकडलेली अंडी. आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी भांडं घेऊन खाडीवर गेलो, अंडी पाण्यात टाकली, भांडं धुऊन परत दिलं. काकीने विचारलं, "आवडली ना?" मी "हो" म्हटलं.

तेव्हापासून झोप नाही. वन खात्याला सांगितलं तर घर फुटेल, आप्पा तुरुंगात जातील. नाही सांगितलं तर मी कसला कासवमित्र? बायको म्हणते, एका घरट्याने काय होतंय, हजारातलं एक पिल्लू जगतं असं तूच पर्यटकांना सांगतोस. आई म्हणते, सहा महिने कुत्री हाकायची नि सहा महिने रिकामं बसायचं, त्यापेक्षा मुंबईला जा. काय करू?

एक कासवमित्र


वयाने मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

वही दुरुस्त करायची, एवढं आधी पक्कं धर. बाकीचं सगळं त्याच्या मागेपुढे बसवू.

तू विचारलंस एवढं मोठं आणि ही बाई वहीतल्या एका ओळीला चिकटून बसली, असं वाटेल तुला. पण तुझी झोप कशाने उडाली ते तुझ्या पत्रातच दिसतंय. आप्पांचं सगळं तू गोष्ट सांगावी तसं सांगितलंस. स्वतःचं वाक्य मात्र अवतरणात, क्रमांकासकट, शब्दाला शब्द. ते तुला पाठ झालंय. आप्पांनी केलं ते आप्पांच्या खात्यावर. "कुत्र्यांनी उकरले" हे अक्षर तुझं आहे.

जुनी ओळ गिरवून खोडू नकोस, पान फाडू नकोस, व्हाइटनर तर अजिबात लावू नकोस. खालचं वाचता येईल अशी एक आडवी रेघ मार आणि दुरुस्ती करशील त्या दिवसाची तारीख घालून लिही: आधीची नोंद चुकीची होती, घरटं माणसाने उकरलं, टरफलं नव्हती, खड्डा हाताने काढलेला होता, बाजूला पायाचे ठसे होते, उजवा पाय ओढलेला होता. खाली सही. त्या सकाळी मोबाइलवर फोटो काढला असशील तर तोही ठेव.

"उजवा पाय ओढलेला" असं लिहिणं म्हणजे नाव लिहिण्यासारखंच की, असं तू म्हणशील. हो, जवळजवळ तसंच आहे. म्हणून लिहिण्याआधी आप्पांकडे जायचं. त्याकडे येतेच, पण मध्ये माझं एक ऐक.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. सुरुवातीच्या एका हंगामात आम्ही चार-पाच जण हौसेने किनाऱ्यावर जायचो. पिल्लं निघून गेली की घरटं उघडायचं, रिकामी टरफलं मोजायची, न फुटलेली वेगळी, आत मेलेली वेगळी. तुला सांगायला नको, काय वास असतो त्याला. तीन दिवस हाताचा जात नाही. दोन घरट्यांनंतर मी कंटाळले आणि पुढच्या प्रत्येक घरट्याला अंडी शंभर असं लिहायला लागले. कासव साधारण शंभराच्या आसपास अंडी घालतं, मग काय बिघडलं? महिन्याने एक म्हातारे वनरक्षक आले. त्यांनी चष्मा लावून वही वाचली आणि फारच गंभीरपणे मला विचारलं, "बाई, तुमच्या किनाऱ्यावरच्या कासवीला शंभरपर्यंतच येतं काय मोजता?"

त्या हंगामाची आमची सगळी वही त्यांनी बाजूला ठेवली. माझ्या खोट्या आकड्यांबरोबर बाकीच्या मुलांचे खरे आकडेही गेले, कारण कुठला कुणाचा ते सांगता येईना. पुढे त्यातल्या एका मुलाने माझ्याशी चार वर्षं अबोला धरला होता. बरोबरच केलं त्याने.

तुझ्या वहीचं असंच आहे. "कुत्र्यांनी" असं तू लिहिलंस की पुढच्या हंगामात कुणीतरी खर्चाचा हिशोब मांडताना म्हणणार, या किनाऱ्यावर कुत्र्यांचा त्रास वाढलाय, कुंपण वाढवा. पैसे जाणार कुंपणाला. आणि रात्री अडीचला बॅटरी न लावता जो माणूस येतो, त्याला कुंपणाचं काय?

या वह्यांवर किती उभं आहे ते तू रोजच्या रगाड्यात विसरला असशील. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले, म्हणजे तुमच्याकडे चढतात त्याच जातीच्या, मादीच्या परावर (पोहायच्या पायावर) धातूची छोटी पट्टी बसवली, नंबर 03233. ती 2025 च्या जानेवारीत गुहागरला चढली. अंडी घालत असताना कुणीतरी वाकून तो नंबर नीट वाचला आणि लिहून घेतला, म्हणून कळलं की पूर्व किनाऱ्यावरचं कासव साडेतीन हजार किलोमीटर फिरून आपल्याकडे घर करतं. तोवर बरेच जण धरून चालले होते की त्यांची कासवं वेगळी आणि आपली वेगळी. पहाटेच्या झोपेत त्या माणसाने एक आकडा इकडचा तिकडे केला असता, तर ही गोष्ट झालीच नसती.

दुसरं, तू घरट्याची तारीख लिहितोस तीसुद्धा नुसती तारीख नसते. वाळू तापलेली राहिली तर पिल्लांत माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. कुठल्या महिन्यात किती घरटी लागली, किती दिवसांनी फुटली, हे वर्षानुवर्षं लिहिलेलं असेल तरच उद्या कुणाला सांगता येईल की कोकणातल्या पुळणीवर उन्हाने काय चाललंय. दुसरा पुरावा नाही. तुझी ती पाणी लागून फुगलेली, कडा वाकलेली वही हाच पुरावा.

आता आप्पा.

काकीच्या भांड्याबद्दल वाचताना मी जरा थांबले. कासवाचं अंडं कितीही उकडलं तरी त्यातला पांढरा भाग घट्ट होत नाही. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझं आजोळ किनाऱ्यावरचं. कायदा आमच्या वाडीपर्यंत पोचायच्या आधीची गोष्ट आहे, मामा टोपलीभर आणायचा आणि आम्ही मुलं टेबलटेनिसच्या चेंडूसारखी ती हातात दाबून बघायचो. तेव्हा कुणी चोर म्हटलं नाही मामाला. म्हणून तुझ्या आप्पांना मी चोर म्हणू शकत नाही, आणि त्यांनी केलं ते चोरीच आहे हेही सोडू शकत नाही. ही दोन्ही वाक्यं एका तोंडाने म्हणायला मला पन्नास वर्षं लागली.

आमच्याकडच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. तुमच्या आप्पांनी त्याला आयुष्यभर हात लावून नमस्कार केला असणार. त्यात आणि पुळणीवरच्या कासवात त्यांना काही विसंगत वाटत नाही, आणि त्यांच्या बापालाही वाटलं नव्हतं. संतांनी कासवीच्या नजरेचं केवढं कौतुक केलंय, नुसतं बघून ती पिल्लं पोसते म्हणून. खरी कासवी वाळू थापटून सरळ करते आणि समुद्रात जाते ती जाते, एकदाही मागे वळून बघत नाही. बघायचं काम राहतं तुझ्यासारख्यावर. असो, भरकटले.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट समजून घे, कारण आप्पांशी बोलताना ते तुला माहीत असलं पाहिजे. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. अंडी काढणं हाही गुन्हाच. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. साठी उलटलेल्या, पाय ओढत चालणाऱ्या माणसाला ही शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही. ते ठरवणारी मीही नाही आणि तूही नाहीस.

तर असं कर. आप्पांना घरात गाठू नकोस. काकीसमोर, आईसमोर तर नकोच. आपल्याकडचा पुरुष माणूस चारचौघांत धरला गेला की खरं बोलण्याऐवजी आवाज चढवतो. पहाटेच्या फेरीला त्यांना सोबत बोलाव. "आप्पा, आज जरा याल का माझ्याबरोबर" एवढंच. येतील. पाय दुखतो म्हणतील आणि तरी येतील. चालताना पहिला शब्द तू काढ: "नऊ नंबरच्या घरट्याशी तुमचा पाय मला दिसला. मी वहीत खोटं लिहिलं. उद्या ते खरं करणार आहे." बस. तुम्ही का केलंत, कसं केलंत, लाज नाही का वाटली, यातलं काही विचारू नकोस. बातमी त्यांना तुझ्या तोंडून कळली पाहिजे, वनरक्षकाच्या नाही, एवढ्यासाठीच ही फेरी.

ते काय म्हणतील याचा अंदाज मी बांधू शकते. पहिलं, "आम्ही जन्मापासून खातोय, तुझ्या सरकारने काय कासवं पाळली आहेत?" याला उत्तर देऊ नकोस, चालत राहा. दुसरं, "तुला कोणी शिकवलं रे माग काढायला?" याला मात्र उत्तर दे. "तुम्हीच. म्हणून तर ओळखला." तिसरं बहुतेक असं येईल की सरकारला कासवं दिसतात, जाळं फाटलेला माणूस दिसत नाही. यात तथ्य आहे. पण 2018 च्या अखेरीपासून एक सोय झालेली आहे: जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) यांसारखा संरक्षित जीव अडकला आणि जाळं कापून तो जिवंत सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. फोटो, व्हिडिओ लागतो, अर्ज भरावा लागतो, आणि तिथेच म्हातारी माणसं अडतात. आप्पांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्या जाळ्यात पुढे कधी कासव आलं, तर तो अर्ज तू बसून भरून दे. हे लालूच म्हणून नव्हे. तुझ्याकडे मोबाइल आहे, तुला फॉर्म वाचता येतो, त्यांना येत नाही, इतकं साधं आहे.

मग त्यांना सांग की तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे वकिलाचा सल्ला घेता येतो, आणि आपण दोघे जाऊन विचारून येऊ. भीती घालायला नव्हे, तर पुढे काय होऊ शकतं ते त्यांना कळावं म्हणून. तू त्यांच्याबरोबर जा. बाहेर बाकावर बसायला लागलं तरी जा. त्यांनी तुझी फी भरताना शाळेत असंच बसून काढलं असणार.

दुसऱ्या दिवशी वही दुरुस्त कर आणि ज्याला तू दर आठवड्याला वही दाखवतोस त्याला ती दाखव. कुणावर संशय आहे असं त्याने विचारलं तर खोटं बोलायचं नाही. खोटं एकदा बोलून झालंय. त्याने विचारलं नाही तर? इथे माझे बरेच वाचक मला फाडून खाणार आहेत, पण माझं मत सांगते: पहिल्या वेळेला, ठसा वहीत खरा लिहिलेला असताना, नाव घेऊन तू स्वतःहून तक्रार करायला जावंस असं मला वाटत नाही. शक्य तर आप्पांनीच जावं. नाही गेले आणि दुसरं घरटं गेलं, तर मात्र विचारायची वाट बघू नकोस. त्याच सकाळी सांग. आणि हे आप्पांना त्या फेरीतच सांगून ठेव, म्हणजे पुढे "भाच्या-पुतण्यांनी दगा दिला" हे ऐकावं लागणार नाही. लागेलच म्हणा. पण तुला माहीत असेल की ते खरं नाही.

मी अशी ढिली का, त्यालाही कारण आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि मंडळी, 2002 मध्ये समुद्री गरुडांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होती. वेळासला, नाना फडणवीसांच्या मूळ गावी, पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. गरुड राहिले बाजूला. विचारपूस केल्यावर कळलं की कासवं येतात आणि अंडी माणसं नि कुत्री नेतात. तेव्हा फौजदारी करून काम उभं राहिलं नाही. गावकऱ्यांनाच सोबत घेऊन राहिलं, आणि चार वर्षांत त्याच गावात कासव महोत्सव सुरू झाला. आज लोक पुण्या-मुंबईहून पिल्लं बघायला येतात, गावातल्या घरांत राहतात, मोदक खाऊन जातात. आता तूच सांग, कुठल्याही गावात कासवाचं अंडं नेमकं कुठे आहे हे ठाऊक कुणाला असतं? ज्याने काढलंय त्यालाच. मोठ्या वाऱ्यात माग पुसला गेला, मर्यादवेलीखालची वाळू नुसती जराशी भुसभुशीत लागतेय, तेवढ्यावरून घरटं शोधणारा माणूस तुझ्या घरात आहे. तू तिसऱ्या हंगामाला आहेस. ते साठाव्या.

चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली, हे मलाही पाठ आहे. किल्ली देऊ नकोस. अंडी एकदा हॅचरीत गेली की तिथे तू आणि तुझं कुलूप. आप्पांनी फक्त माग दाखवायचा, तोही तू सोबत असताना. नोकरी देतो, पैसे मिळवून देतो असलं काही कबूल करू नकोस, ते तुझ्या हातात नाही आणि गुन्ह्याला बक्षीस दिल्यासारखं होईल.

एक गोष्ट त्यांना जरूर सांग, कारण जुन्या दर्यावर्दी माणसाला ती ऐकायला आवडेल. पिढ्यान्‌पिढ्या आपण कासव बघितलं ते फक्त पुळणीवरचं. चढलं, घर केलं, गेलं. कुठे गेलं? 2022 च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर पहिल्यांदा उपग्रहाचं यंत्र बसवलं, तिचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला आणखी दोन, बागेश्री आणि गुहा. यातली बागेश्री किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. तिचा नकाशा मोबाइलवर शोध आणि आप्पांना दाखव. होडीने ते जास्तीत जास्त कुठवर गेले असतील, गोवा? मालपे? बघ, बोट फिरवत बसतील त्या रेषेवरून.

आता बायकोचा हिशोब. हुशार आहे ती, टोमणा चांगला मारलाय. हजारातलं एक जगतं असं म्हणतात, मग शंभर अंड्यांच्या घरट्यातून पुढे दहावा हिस्सा कासव मिळणार. खरंय. पण पर्यटकांना तू पुढचं सांगत नाहीस. ओडिशात गहिरमाथा, ऋषिकुल्या इथे हंगामात लाखांनी कासवं चढतात, तिथे एक घरटं जाणं म्हणजे समुद्रातून तांब्याभर पाणी काढणं. तुमच्याकडे गेल्या वर्षी चौदा होती. चौदातलं एक म्हणजे शंभरातली सात. सात टक्के पगार कापला तर बायको काय म्हणेल ते तिला विचार. शिवाय मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि अंडी घालायला ती बहुतेक करून जन्मली त्याच टापूत परत येते. तू पहिल्या हंगामात सोडलेली पिल्लं घर करायला येतील तेव्हा तू चाळिशीला टेकलेला असशील. नऊ नंबरमधली येणार नाहीत. शिमग्याच्या सुमारास फुटलं असतं ते.

आईच्या म्हणण्यात खोट काढणार नाही. कासवं सहा महिने, पोट बारा महिने. पावसाळ्याचं काय करायचं ते तू ठरवायला हवं. घराची एक खोली पाहुण्यांना देता येते का बघ, आंब्याचं असेल तर ते आहेच. पण पाहुणे आणायचे तर पिल्लांची तारीख कबूल करायची नाही, फ्लॅश नाही, पिल्लू हातात द्यायचं नाही, रडणाऱ्या मुलासाठीसुद्धा नाही. मुंबईला जाऊन काय करणार हे आईनेही सांगितलेलं नाही असं दिसतं. गेलास तरी मला वाईट वाटणार नाही. मात्र वही तशीच टाकून जाऊ नकोस.

शेवटी काकी. तुझ्या पत्रात सगळ्यात बिचारी मला तीच वाटली. तिने पुतण्याच्या घरी चांगलंचुंगलं पाठवलं, आणि तू "हो" म्हणालास. आता तिच्या लेखी ती अंडी तुझ्या पोटात आहेत, आणि पुढच्या वेळी आणखी पाठवणार. आप्पांशी बोलून झालं की दुपारी तिच्या चुलीशी जाऊन बस. सांग की मी खाल्ली नाहीत, खाडीत टाकली, आणि खोटं बोललो. रागावेल. अन्न टाकलं म्हणून जास्त रागावेल. ऐकून घे. महिनाभर तुमच्या पडवीत काही येणार नाही. मग एक दिवस येईल भांडं. उघडून बघ, आणि घावन असतील तर तिथेच उभ्याउभ्या खाऊन टाक.